श्वासनलिका-विस्फारक पंपाचा सुरक्षित वापर : कोल्हापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

दिवाळीच्या आगेमागे कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, गुऱ्हाळे सुरू होतात आणि तोडणी झालेल्या फडांतून पाचट जाळले जाते. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फौंड्री उद्योगाची धूळ वर्षभर असतेच. पावसाळ्यात पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा या पट्ट्यात भिंतींना ओल येते व बुरशी धरते. दमा असलेल्या माणसाला यांपैकी प्रत्येक ऋतूची आपापली जाच असते. अशा रुग्णाच्या खिशात बहुधा एक निळा पंप असतो. त्यातील साल्ब्युटामॉल हे औषध आखडलेली श्वासनलिका काही मिनिटांत सैल करते. हा पंप कसा ओढावा आणि त्याच्यावर कोठवर विसंबावे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तो सहसा विचारलाच जात नाही.

गोळी की पंप?

पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, मुलीच्या लग्नाच्या वेळी पंप दिसू नये, अशा समजुती ग्रामीण भागात आजही आढळतात. त्यांपायी अनेक जण गोळीच पसंत करतात. वास्तविक साल्ब्युटामॉलची गोळी साधारणतः २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते, तर पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.१ मिलिग्रॅम औषध असते. एक गोळी म्हणजे वीस ते चाळीस दाबांइतके औषध होय. ते रक्तावाटे सर्व शरीरात जाते, म्हणून हात थरथरतात व छाती धडधडते. पंपातील औषध थोडे असते आणि थेट जेथे हवे तेथे पोचते. सौम्य उपाय कोणता, हे या आकड्यांवरूनच उघड आहे.

वापराची रीत

दाबाचा पंप प्रथम चांगला हलवावा. नवा असल्यास किंवा बरेच दिवस वापरला नसल्यास आधी हवेत दोन-चार वेळा दाबून पाहावा. रुग्णाने ताठ बसून अथवा उभे राहून श्वास पूर्ण सोडावा, तोटी ओठांत घट्ट धरावी, श्वास आत घेण्यास सुरुवात करतानाच एकदा दाबावे आणि तीन ते पाच सेकंद सावकाश ओढत राहावे. नंतर शक्यतो दहा सेकंद श्वास रोखावा. दुसरी मात्रा हवी असल्यास अर्धा ते एक मिनिट थांबून पंप पुन्हा हलवावा. दोनदा सलग दाबून एकदाच ओढणे ही नेहमी दिसणारी चूक आहे.

हात व श्वास यांचा मेळ सर्वांना साधतोच असे नाही. मेळ चुकला की बरेचसे औषध घशावर आपटून तेथेच राहते. स्पेसर नावाची पोकळ नळी मध्ये जोडल्यास ही अडचण दूर होते. लहान मुले व वृद्ध यांना तर ती आवश्यकच मानावी.

कॅप्सूलमधील कोरडी भुकटी ओढण्याच्या उपकरणाची रीत नेमकी उलटी आहे. तेथे श्वास जोराने व खोल ओढावा लागतो, कारण भुकटी उडवण्याचे काम रुग्णाच्या श्वासालाच करावयाचे असते. उपकरणात श्वास सोडू नये. वाफेने भुकटीच्या गुठळ्या होतात. याच कारणासाठी पावसाळी भागात कॅप्सूल वापराच्या क्षणापूर्वी डबीतून काढू नये. ही कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्णही भेटतात. औषध देताना एक वाक्य जास्त बोलले तर हे टळेल.

पंपाचा धातूचा डबा दाबाखाली भरलेला असतो. गुऱ्हाळात चुलवाणाला जाळ घालणाऱ्या जळव्याने तो धगीजवळ ठेवू नये, रिकामा झाल्यावर आगीत टाकू नये. किती मात्रा उरल्या हे पाहण्यासाठी डबा पाण्यात बुडवण्याची जुनी युक्ती अविश्वसनीय आहे. मात्रा-दर्शक नसल्यास दिवसाचे दाब लिहून ठेवावेत. धातूचा डबा काढून घेऊन फक्त प्लॅस्टिकचा भाग आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने धुवावा व पूर्ण वाळवावा.

आराम आणि आजार

साल्ब्युटामॉलचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. या अवधीत नलिका सैल राहते, परंतु तिच्या अस्तराची सूज तशीच असते. सूज हा मूळ आजार. त्यावर श्वासावाटे घ्यावयाचे स्टिरॉइड लागते. ते रोज घ्यावे लागते आणि त्याने लगेच काही जाणवत नाही, म्हणून तेच प्रथम बंद केले जाते. निळा पंप मात्र तत्काळ आराम देतो, आणि धोका नेमका येथे आहे. सूज आत वाढत असता रुग्ण दाबांची संख्या वाढवत जातो व दवाखाना लांबवतो.

इतिहासात याची किंमत मोजली गेली आहे. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये तीव्र आयसोप्रिनालिन पंपाच्या प्रसाराबरोबर दम्याचे मृत्यू वाढले. न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्यापासून फेनोटेरॉलच्या बाबतीत असेच घडले आणि त्याचा वापर रोखल्यावर मृत्यू घटले. साल्ब्युटामॉल १९६९ साली बाजारात आले. ते या दोहोंपेक्षा सुरक्षित आहे. तरीही दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शिकेने २०१९ साली स्पष्ट केले की, प्रौढ व किशोरवयीन रुग्णांवर केवळ अशा तात्पुरत्या औषधाने उपचार करू नयेत. जोडीला श्वासावाटे स्टिरॉइड असलेच पाहिजे. वर्षाला तीन किंवा अधिक पंप लागणे हे झटक्याचा धोका वाढल्याचे लक्षण मानले जाते, बारा पंप लागणे हे मृत्यूचा धोका वाढल्याचे. पंपात २०० मात्रा धरल्यास बारा पंप म्हणजे दिवसाला सुमारे साडेसहा दाब. गळीत हंगामात इतके दाब घेणाऱ्याला आपण काही विशेष करीत आहोत असे वाटतही नसेल.

स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून पाणी थुंकावे, अन्यथा तोंडात बुरशीजन्य चट्टे येतात. रक्तदाब वा हृदयविकारासाठी दिल्या जाणाऱ्या प्रोप्रानोलॉलसारख्या गोळ्या, तसेच काचबिंदूवरील टिमोलॉलचे थेंब श्वासनलिका आखडू शकतात; म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दम्याची माहिती द्यावी. फौंड्रीतील वाळूच्या धुळीने फुप्फुस कठीण झाले असल्यास ती हानी या पंपाने भरून येत नाही. तेथे तपासणी वेगळी करावी लागते.

झटका आल्यास डॉक्टरांनी लेखी दिलेल्या आराखड्याप्रमाणे स्पेसरमधून एकेक मात्रा घ्यावी. आराम न पडल्यास, चार तासांच्या आत पुन्हा धाप लागल्यास, वाक्य पूर्ण बोलता येत नसल्यास, ओठ निळसर पडल्यास किंवा रुग्ण गुंगीत जाऊ लागल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत रुग्णाला आडवे न करता बसते ठेवावे आणि मात्रा चालू ठेवाव्यात. छातीतील घरघर एकाएकी थांबली आणि धाप मात्र तशीच राहिली, तर तो आराम नव्हे. हवा आत जाणेच थांबत आल्याची ती खूण असते.