मुलींची फी माफ झाली म्हणतात, मग कॉलेजचा खर्च येतो कुठून?

बीड जिल्ह्यातल्या परळी तालुक्यातलं धर्मापुरी हे गाव. बाहेरची माणसं इथं येतात ती चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिर बघायला. गावातली एखादी पोरगी बारावी पास झाली की तिच्या घरात मात्र वेगळीच चर्चा सुरू असते. सरकारनं मुलींची फी माफ केलीय, असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं असतं. ते खरं का?

खरं आहे, पण अटी आहेत.

8 जुलै 2024 ला राज्य सरकारनं जीआर काढला. त्याआधी ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात 50 टक्के सवलत होती. 2024-25 पासून ती 100 टक्के झाली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. इंजिनीअरिंग, फार्मसी, मेडिकल असे कोर्स यात येतात.

पहिली मेख इथंच आहे. प्रवेश सरकारच्या 'कॅप' फेरीतूनच झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की माफी गेली. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यातून वगळली आहेत. म्हणजे "सीट पक्की करून देतो, फी तर माफच आहे" असं एखादा एजंट सांगत असेल, तर त्यातली एक गोष्ट नक्की खोटी.

दुसरी मेख म्हणजे माफ होते ती फी. खोलीभाडं, मेस, पुस्तकं, एसटीचा खर्च तसाच राहतो. घरापासून लांब शिकणाऱ्या मुलीसाठी हाच आकडा मोठा असतो.

त्यासाठी वेगळ्या योजना आहेत. अनुसूचित जातींसाठी स्वाधार योजना आहे. मराठा आणि इतर खुल्या गटातल्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. आणि ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. बीडमध्ये वंजारी समाज मोठा, तो भटक्या जमातींत येतो, म्हणून इथं ही शेवटची योजना महत्त्वाची. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना तिच्यातून वर्षाला पुण्या-मुंबईत 60 हजार, छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात 51 हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार आणि तालुक्याला 38 हजार रुपये मिळतात. जिल्ह्याला जागा मात्र 600 ठरवल्या आहेत.

आता खरी अडचण. कागद.

उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून निघतो. ओबीसी आणि एसईबीसीला नॉन-क्रीमीलेयर लागतं. पण घाम फोडते ती जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात, भटके-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा. आजोबा शाळेत गेले असतील, तर निर्गम उताऱ्यावर काम भागतं. जे कधी शाळेतच गेले नाहीत, त्यांच्या नातीला भावकीतल्या कुणाचा तरी दाखला, जुनी महसुली नोंद असं शोधत फिरावं लागतं. हे आठवड्याभरात होत नाही.

त्यात बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीच्या आसपास आई-वडील कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात, ते मार्च-एप्रिलपर्यंत फडातच. बारावीच्या वर्षाचा मोठा भाग याच काळात सरतो. सह्या, आधार, जुने कागद घरच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली आईकडे.

म्हणून व्हॅलिडिटीचा अर्ज निकालाची वाट बघत ठेवायचा नसतो. सायन्सच्या मुलांना तो अकरावी-बारावीत असतानाच ज्युनिअर कॉलेजमार्फत करता येतो. अकरावी सुरू होते पावसाळ्यात, आणि तेव्हा आई-वडील गावातच असतात.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर प्रवेशानंतर भरायचा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, त्यामुळे बँकेत एकदा जाऊन तेवढं तपासून घेतलेलं बरं.