शांघायचा ढेरपोट्या फौजदार

‘मार्शल लॉ’ म्हणजे लष्करी कायदा, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. पण आम्ही आज ज्या ‘मार्शल लॉ’बद्दल लिहीत आहोत तो कोणा हुकूमशहाने पुकारलेला नव्हता. ती एक अमेरिकन टीव्ही मालिका होती आणि तिच्यातल्या चिनी पोलीस अधिकाऱ्याचे आडनावच ‘लॉ’ होते. सॅमो लॉ! सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर २६ सप्टेंबर १९९८ रोजी तिचा पहिला भाग दाखवला गेला आणि मे २००० मध्ये शेवटचा. दोन वर्षांत एकूण ४४ भाग. तिकडे दर शनिवारी रात्री आधी ‘मार्शल लॉ’ आणि तिच्या पाठोपाठ चक नॉरिसची ‘वॉकर, टेक्सास रेंजर’ लागे. म्हणजे शनिवारची रात्र हाणामारीची!

गोष्ट सरळ होती. शांघायच्या पोलीस खात्यातली पेई पेई चेन नावाची तरुण अधिकारी लॉस एंजेलिसमध्ये बेपत्ता होते. तिचा शोध घ्यायला आणि ली हेई नावाच्या गुन्हेगारी सरदाराला पकडायला सॅमो अमेरिकेत येतो आणि पुढे तिथल्याच पोलिसांत मिसळून काम करू लागतो. इतके वाचून कोणी म्हणेल, यात नवे ते काय? नवे होते ते नायकाच्या रूपात. बुटका, गुबगुबीत, पोट पुढे आलेला, वय ४६ आणि इंग्रजी यथातथा. रस्त्याने चालताना भाजी आणायला निघालेला गृहस्थ वाटावा. आणि हा गृहस्थ गुंड समोर आले की भिंतीवर पाय देऊन उलटी कोलांटी मारी, खुर्ची, शिडी, हाती लागेल ते हत्यार करी!

आम्हाला ही मालिका पाहायला मिळाली ती केबलच्या एका इंग्रजी वाहिनीवर. तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. संवाद अर्धे कळत, अर्धे डोक्यावरून जात. जोडणी शेजाऱ्यांकडे, आम्ही दारात उभे. पण एक गोष्ट आमच्या चटकन ध्यानात आली. आपल्यासारखाच हा नायकही इंग्रजी बोलताना अडखळतो! कॉलेजात प्राध्यापकांनी इंग्रजीत प्रश्न विचारला की आमच्या पोटात गोळा येई. उत्तर माहीत असे, तोंडातून निघत नसे. आणि इथे एक माणूस मोजके चार शब्द बोलतो, समोरचे गोरे अधिकारी गोंधळतात आणि शेवटी गुन्हेगार त्याच्याच हाती सापडतो. त्याला पाहून जो धीर आला तो कोणत्याही ‘इंग्रजी बोला’ क्लासने दिला नाही.

हे अडखळणे नाटकी नव्हते. भूमिका करणारे सॅमो हंग यांचे इंग्रजी खरोखरच बेताचे होते. निर्मात्यांना त्याची काळजी वाटत असावी, कारण पहिल्याच वर्षी मध्यावर आर्सेनिओ हॉल हा बोलका विनोदी नट त्यांच्या जोडीला आणला गेला. त्याच सप्टेंबरात जॅकी चॅनचा ‘रश अवर’ अमेरिकेत जोरात चालला होता, त्यातही चिनी पोलीस आणि बडबड्या कृष्णवर्णीय पोलीस अशीच जोडी होती. हॉलची बडबड कधी कधी जास्त होई, असे आमचे मत आहे. सॅमो गप्प असताना तो अधिक बोलत असे.

सॅमो हंग कोण, हे नव्या पिढीला सांगायला हवे. जन्म १९५२ चा, हाँगकाँगचा. आईवडील सिनेमाच्या कपडेपटात काम करणारे. लहान वयातच त्याला यू जिम-युएन या गुरूंच्या पेकिंग ऑपेरा शाळेत घातले. आपले लोक कुंगफू म्हटले की लगेच शाओलिन आणि बोधिधर्माचे नाव घेतात. ती दंतकथा लोकप्रिय आहे, पण इतिहासकारांना तिला आधार सापडत नाही. सॅमोची विद्या मात्र थेट रंगमंचावरची. पेकिंग ऑपेरात नटाला गाणे, अभिनय, कोलांट्या आणि शस्त्रे असे सगळेच यावे लागते. पालक करार करून मूल वर्षानुवर्षे गुरूच्या स्वाधीन करीत. पहाटेपासून रात्रीपर्यंत मेहनत, चुकले की वेताची छडी, आणि मुलांच्या कार्यक्रमांची मिळकत शाळेकडे. जॅकी चॅन आणि युएन ब्याओ याच शाळेतले. सॅमो त्यांचा थोरला गुरुबंधू. पुढे १९८८ साली ‘पेंटेड फेसेस’ या चित्रपटात सॅमोने आपल्याच गुरूंची भूमिका केली आणि तिच्यासाठी हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत उत्कृष्ट अभिनेता ठरला. ज्याच्या छड्या खाल्ल्या त्याचेच माणूसपण पडद्यावर दाखवायचे, हे सोपे काम नाही. हे गुरू उतारवयात अमेरिकेत राहायला गेले आणि १९९७ मध्ये लॉस एंजेलिसला वारले. शिष्य नायक होऊन त्याच शहरात पोहोचला तो पुढच्याच वर्षी.

त्याचे नायक होणे मोठे का, हे कळायला थोडे मागे जावे लागेल. ब्रूस ली १९६६-६७ मध्ये ‘द ग्रीन हॉर्नेट’ मालिकेत होता, पण केटो म्हणून, म्हणजे गोऱ्या नायकाचा नोकर आणि गाडीवान. पुढे १९७१ मध्ये एका टीव्ही मुलाखतीत त्याने स्पष्टच सांगितले होते, की चिनी माणसाला नायक करणे निर्मात्यांना धंद्याच्या दृष्टीने धोक्याचे वाटते. लगेच १९७२ मध्ये ‘कुंग फू’ ही मालिका आली आणि तिच्यातल्या अर्ध्या चिनी भिक्षूची भूमिका मिळाली डेव्हिड कॅरडाइन या गोऱ्या नटाला! विद्या तुमची, मेहनत तुमची, पण खुर्ची दुसऱ्याची. हा अनुभव आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. ब्रूस ली १९७३ मध्ये गेला. त्याच्या ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये सुरुवातीच्या लढतीत त्याच्या समोर जो गुटगुटीत तरुण दिसतो, तो सॅमो हंगच. त्या लढतीनंतर पंचवीस वर्षांनी अमेरिकन वाहिनीच्या मुख्य वेळेत त्याच्या खांद्यावर अख्खी मालिका उभी राहिली, आणि त्या वेळी तिथे तसा दुसरा पूर्व आशियाई नायक नव्हता.

हाणामारीची रीतही हाँगकाँगची होती. निर्मात्यांत आणि दिग्दर्शकांत स्टॅन्ली टाँग होता, जॅकी चॅनचे चित्रपट केलेला. कॅमेरा जरा दूर ठेवायचा, माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसू द्यायचा, म्हणजे फटका खरा की खोटा ते प्रेक्षकालाच कळते. हाँगकाँगला एका लढतीवर कित्येक दिवस घालवतात. इथे साधारण आठवड्याभरात पूर्ण भाग उरकायचा, तरी काम नेटके असे.

पेई पेईची भूमिका केली केली हू या हवाईत जन्मलेल्या नटीने. आमच्या बहिणींना ती फार आवडे. पहिल्या भागात जिचा शोध घेतला जातो ती मुलगी पुढे स्वतः बुक्क्या मारते, हे तेव्हाच्या आपल्या हिंदी चित्रपटांत क्वचितच दिसत होते.

दुसऱ्या वर्षी लेखक-निर्माते बदलले, काही पात्रे गळाली आणि मालिकेची घडी विस्कटली. आम्हाला तरी पहिलेच वर्ष गोड लागले. कमतरता तेव्हाही दिसत होत्या. खलनायक पुष्कळदा चिनीच, नायकाला प्रेमप्रकरण जवळजवळ नाही, आणि त्याच्या भाषेवर विनोद जरा जास्तच.

सॅमो हंग त्यानंतर हाँगकाँगच्या चित्रपटांत परतला. २००८ च्या ‘इप मॅन’मधल्या लढती त्यानेच बसवल्या. २०२३ मध्ये हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत त्याला जीवनगौरव मिळाला. आणि ब्रूस लीने लिहून ठेवलेल्या कल्पनेवरून ‘वॉरियर’ नावाची मालिका २०१९ मध्ये अमेरिकेत निघाली. तिच्या निर्मात्यांत त्याची मुलगी शॅनन ली होती, आणि नायकाच्या भूमिकेत या वेळी वडिलांकडून जपानी वंशाचा नट होता.