दुय्यम नट आणि मराठवाड्याची बोली

चित्रपट पाहून घरी परतणाऱ्या मंडळींचे बोलणे ऐकण्यासारखे असते. नायकाचे नाव सर्वांच्या ओठांवर असते. नायिकेचे हसणे, तिची वस्त्रे, तिची गाणी यांची मनमुराद चर्चा होते. आणि मग कोणीतरी मध्येच म्हणते, "तो वकील झाला होता ना, तो मात्र बहारीचा. कोण बरे तो?" या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळत नाही. वकील, फौजदार, मामा, सावकार, शेजारी अशा नावांनीच जो ओळखला जातो आणि स्वतःच्या नावाने क्वचितच, तो दुय्यम नट होय.

या उपेक्षेची साक्ष पारितोषिकांच्या इतिहासातही सापडते. अमेरिकेतील ऑस्कर पारितोषिकांत सहायक नटांचा विचार १९३६ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाला, आणि तेव्हाही पहिली काही वर्षे त्यांच्या हाती सोनेरी पुतळा न देता केवळ एक पट्टिका देण्यात येई. आपल्याकडे फिल्मफेअर पारितोषिके १९५४ साली सुरू झाली. सहायक नटनटींची आठवण त्यांना पुढच्या वर्षी झाली, आणि सहायक अभिनेत्रीचा तो पहिला मान 'बादबान'मधील भूमिकेबद्दल उषा किरण या मराठी अभिनेत्रीला मिळाला. राष्ट्रीय पुरस्कारांत मुख्य अभिनेत्याचा गौरव १९६७ सालच्या चित्रपटांपासून होऊ लागला. सहायक अभिनेत्याला त्यासाठी १९८४ सालच्या चित्रपटांपर्यंत थांबावे लागले.

वस्तुतः दुय्यम नटाचे काम नायकाच्या कामाहून हलके नसते. ते निराळे असते. नायकाला आपली ओळख करून देण्यास अडीच तास मिळतात. दुय्यम नटाला दोन प्रसंग मिळतात, कधी एकच. तेवढ्यात त्याने आपल्या पात्राचे गाव, त्याचा धंदा, त्याची ऐपत आणि त्याचा स्वभाव प्रेक्षकांच्या मनावर ठसवावयाचा असतो. नायक चित्रपटामागून चित्रपटात तोच राहिला तरी चालते. किंबहुना तो तसाच राहावा अशी प्रेक्षकांची इच्छा असते. दुय्यम नटाला मात्र दर वेळी नवा माणूस होऊन यावे लागते.

ही बहुरूपी विद्या आपल्या चित्रपटाच्या जन्माबरोबरच जन्मली. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. एकाच देहात पती आणि पत्नी! मूकपटात शब्दांचे साहाय्य नव्हते. जे काही करावयाचे ते चालण्यातून, वळण्यातून आणि हातांच्या हालचालींतून.

बोलपट आला आणि नटाच्या हाती नवे साधन आले: वाणी. प्रेक्षकांना वाटते की, भूमिकेत वैविध्य येते ते मिशांनी, टोप्यांनी आणि चष्म्यांनी. ही साधने सर्वांत दुबळी होत. मिशी चिकटविता येते, पण बोलण्याचा सूर चिकटविता येत नाही. तो कानांनी मिळवावा लागतो. दर बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. म्हणजेच माणसाने तोंड उघडताक्षणी त्याचे बारा कोस ओळखू येतात. नटाच्या दृष्टीने याहून स्वस्त आणि याहून अवघड साधन दुसरे नाही.

या संदर्भात छत्रपती संभाजीनगराकडे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेकडे, पाहणे उद्बोधक ठरते. या नगरापासून जवळच गोदातीरी पैठण आहे. सोळाव्या शतकात तेथे संत एकनाथांनी भारुडे रचली आणि त्यांत जोशी, वासुदेव, गोंधळी, वेडी, मुका अशा नाना पात्रांच्या मुखाने परमार्थ सांगितला. एकाने अनेकांच्या वाणीने बोलावे हा संस्कार त्या भूमीत असा जुना आहे. पुढे हा मुलूख दोन शतकांहून अधिक काळ निजामाच्या राज्यात राहिला. कचेरीची आणि शिक्षणाची भाषा उर्दू, घरची मराठी, बाजारात दखनी. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. या इतिहासाचे ठसे बोलीवर राहिले. पुण्याचा माणूस जेथे "काय करतो आहेस?" असे विचारतो, तेथे मराठवाड्याचा माणूस "काय करायलास?" असे विचारतो. ज्याच्या कानांवर लहानपणापासून तीन भाषांचे सूर पडले, त्याचा कान आपोआपच तिखट होतो.

हा तिखट कान रंगभूमीवर काय करू शकतो, हे लक्ष्मण देशपांडे यांनी दाखविले. ते विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९७९ साली त्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग रंगभूमीवर आणला. मराठवाड्यातील एका खेड्याचे वऱ्हाड विमानात बसून लग्नासाठी विलायतेला निघते, एवढेच त्याचे कथासूत्र. पण त्यात पात्रे बावन्न, आणि नट एक. पडदा नाही की रंगभूषेत बदल नाही. म्हातारी बोलू लागली की देहाला बाक येई, पोर बोलू लागले की आवाज वर चढे, आणि शेजारी पाहुणा बसलेला आहे हे केवळ नजरेच्या वळणावरून कळे. तेथे नायक कोणीच नव्हता. बावन्नही दुय्यम पात्रे होती आणि त्या सर्वांचे मिळून एक गाव होत होते. गिनेस बुकाने त्याची नोंद घेतली. २००९ साली देशपांडे निवर्तले. पुढे तोच प्रयोग संदीप पाठक या मराठवाड्याच्याच नटाने पुन्हा रंगभूमीवर आणला.

या यशात एक काटा मात्र होता. मुंबई-पुण्याचे प्रेक्षक या बोलीला पोट धरधरून हसले. बोलणारा विनोदी होता म्हणून हसले की बोलीच विनोदी वाटली म्हणून हसले? देशपांडे यांच्या प्रयोगात हे हसू मायेचे होते, कारण हसविणारा त्या गावातलाच होता. चित्रपटात हा प्रश्न अधिक बिकट झाला. ग्रामीण बोली बोलणारा इसम आला की तो एक तर गडी, नाही तर पाटलाचा हस्तक, नाही तर खुळा, अशी एक वहिवाट पडून गेली होती. दुय्यम नटाच्या पोटावर येणारे हेच ते संकट. एकदा एक सोंग वठले की सारे निर्माते तेच सोंग मागतात.

या वहिवाटीतून बाहेर कसे पडावे याचा धडा निळू फुले यांनी घालून दिला होता. १९७५ च्या 'सामना'मध्ये ते साखर कारखानदार हिंदुराव धोंडे पाटील होते: सत्तेने सुस्तावलेले, गोड बोलून गळा कापणारे. अशा भूमिकांनी त्यांचे नाव इतके झाले की, खेड्यापाड्यांतील स्त्रिया त्यांना खरोखरीच दुष्ट समजत असे सांगतात. पण १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये तेच फुले दिगू हा पत्रकार झाले. येथे ते सत्ता गाजवीत नाहीत. सत्तेचा खेळ मुकाट्याने पाहतात आणि आतून खचत जातात. 'सामना'तला दरारा निर्माण करणारा आवाज 'सिंहासन'मध्ये थकलेला, विझलेला ऐकू येतो. तोच गळा, परंतु मागचा माणूस दुसरा. वैविध्य म्हणतात ते हेच.

मराठवाड्याच्या बोलीला चित्रपटात हा मोकळेपणा मिळवून देण्यात मकरंद अनासपुरे यांचा वाटा मोठा आहे. संभाजीनगराच्या नाट्यवर्तुळातून ते मुंबईस आले आणि आरंभी 'सरकारनामा', 'वास्तव' यांसारख्या चित्रपटांत लहानसहान कामे करीत राहिले. २००५ साली 'कायद्याचं बोला' आला. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी हेही संभाजीनगरचेच, तेथील 'जिगीषा' या नाट्यसंस्थेतून पुढे आलेले. या चित्रपटात अनासपुरे केशव कुंथलगिरीकर नावाचे वकील झाले. कुंथलगिरी हे धाराशिव जिल्ह्यातील जैन तीर्थक्षेत्र. म्हणजे पात्राच्या आडनावातच मराठवाडा आला. येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाची गोष्ट घडली. बोली तीच, हेल तोच, पण बोलणारा गडी नव्हता. अंगावर काळा डगला घालून तो न्यायासनापुढे उभा होता आणि उलटतपासणी करीत होता. प्रेक्षक हसले, परंतु या वेळी ते त्याच्या बाजूने हसले.

त्यानंतरच्या भूमिकांची नुसती यादी पाहिली तरी पालट ध्यानात येतो. 'गाढवाचं लग्न'मध्ये (२००७) ते सावळ्या कुंभार झाले, 'जाऊ तिथं खाऊ'मध्ये (२००७) सरकारी कागदांवरच्या विहिरीचा जाब विचारणारा गावकरी, आणि 'दे धक्का'मध्ये (२००८) मुलीच्या नृत्यस्पर्धेसाठी सारे कुटुंब एका खटाऱ्यात घालून मुंबईस निघालेला बाप. 'गोष्ट छोटी डोंगराएवढी'मध्ये (२००९) विषय शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा होता. ज्या बोलीला दहा वर्षांपूर्वी केवळ हशा मिळत असे, त्याच बोलीत आता कर्ज, दुष्काळ आणि मरण यांविषयी बोलले गेले, आणि प्रेक्षागृह शांत राहिले. २०१५ साली अनासपुरे यांनी नाना पाटेकर यांच्यासह दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांसाठी 'नाम' ही संस्था काढली, तेव्हा लोकांना त्यात विसंगती वाटली नाही. तो आवाज त्यांच्या ओळखीचा झाला होता.

बोली हे नटाचे बळ आहे तसे ते त्याचे बंधनही होऊ शकते. बीड जिल्ह्यातून आलेले नंदू माधव यांनी हे बंधन मानले नाही. परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मध्ये (२००९) ते खुद्द दादासाहेब फाळके झाले: शतकापूर्वीच्या मुंबईतले, सुशिक्षित, छांदिष्ट गृहस्थ. 'शाळा'मध्ये ते मुकुंदाचे मध्यमवर्गीय वडील झाले. दोन्ही ठिकाणी मराठवाड्याचा हेल शोधून सापडत नाही. ज्याने स्वतःची बोली कान देऊन ऐकलेली असते, त्याला दुसऱ्याचीही उचलता येते, हाच याचा अर्थ.

आता असा प्रश्न उद्भवतो की, नटाकडून वाणीच काढून घेतली तर त्याच्यापाशी काय उरते? याचे उत्तर देणारा एक नवा प्रकार गेल्या शतकाच्या अखेरीस घरोघरी दूरचित्रवाणीवर आला. तो म्हणजे गाण्याची स्वतंत्र चित्रफीत, ज्याला म्युझिक व्हिडिओ म्हणतात. चार-पाच मिनिटांचे गाणे, आवाज गायकाचा, आणि नटाला एकही शब्द नाही. १९९५ साली अलिशा चिनॉय यांच्या 'मेड इन इंडिया' या गाण्यात मिलिंद सोमण या मराठी तरुणाने अशीच निःशब्द भूमिका केली आणि तेवढ्यावर ते देशभर ओळखीचे झाले. तेथे काम मुख्यत्वे देखणेपणाचे होते. परंतु याच प्रकारात खरा अभिनयही शक्य आहे हे मीता वसिष्ठ यांनी दाखविले. 'द्रोहकाल', 'गुलाम', 'दिल से', 'ताल' अशा चित्रपटांत परस्परांशी काडीचेही साम्य नसलेल्या दुय्यम भूमिका करणाऱ्या या अभिनेत्रीने, शुभा मुद्गल यांनी गायिलेल्या 'मन के मंजीरे' या गीताच्या चित्रफितीत, नवऱ्याचा छळ टाकून घराबाहेर पडलेली आणि मालमोटार चालवून पोट भरणारी स्त्री रंगविली. चक्रावर विसावलेले हात, रस्त्याकडे रोखलेली नजर, मागे टाकलेल्या आयुष्याची चेहऱ्यावरून सरकून जाणारी सावली, एवढीच तिची सामग्री. अण्णा साळुंके यांच्या मूकपटातील विद्या ऐंशी-नव्वद वर्षांनी अशी पुन्हा उपयोगी पडली.

यावरून दुय्यम नटाच्या कलेचे मर्म स्पष्ट व्हावे. तो वेष बदलतो म्हणून त्याच्या भूमिका वेगळ्या होत नाहीत. त्याने माणसे पाहिलेली आणि ऐकलेली असतात म्हणून त्या वेगळ्या होतात. बसस्थानकावर, कचेरीच्या ओसरीवर, बाजारात जे आवाज इतरांच्या कानांवरून नुसते वाहून जातात, ते तो साठवून ठेवतो. आणि म्हणूनच एखाद्या प्रदेशाचे नट जेव्हा पडद्यावर येतात, तेव्हा ते एकटे येत नाहीत. त्यांच्याबरोबर तो प्रदेश येतो. त्याला कोणत्या दारातून आत घ्यावयाचे, गड्याच्या की वकिलाच्या, हे लेखक आणि दिग्दर्शक ठरवितात. परंतु त्याला पाहून कसे हसावयाचे, हे शेवटी प्रेक्षकांच्या हाती असते. चित्रपट संपल्यावर दिवे लागतात आणि पडद्यावर नावे सरकू लागतात, तेव्हा मंडळी उठण्याची घाई करतात. चार क्षण थांबून त्या वकिलाचे नाव वाचले, तर घरी गेल्यावर कोणाला विचारावे लागणार नाही.