सातारा रस्ता, दुपारी बारा

बाराला दहा कमी आहेत. पुण्यात पद्मावतीच्या अलीकडे ऑक्टोबरचं ऊन डांबरातून उलटं वर येतंय. सावली म्हणावी तर एका जाहिरातीच्या फलकाची, तीही वीतभर. त्यात पाच जणी उभ्या आहेत, पोरांच्या वाटेकडे डोळे लावून. सकाळची शाळा सुटतेय, दुपारची भरतेय. गल्लीच्या तोंडाशी दोन व्हॅन समोरासमोर अडकल्यात. रिक्षावाला हॉर्नवरचा अंगठा उचलत नाही. शाळेचा वॉचमन शिट्टी फुंकतोय, पण ती कुणासाठी आहे हे त्यालाही कळत नसावं.

स्कूटरच स्कूटर. चेहऱ्याला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, पुढे दप्तर, मागे पोर.

"घर तसं जवळ आहे हो," एकजण सांगते. "दहा मिनिटांत सायकलवर येईल ती. सातवीत आहे. पण या गाड्यांतून कशी पाठवणार?" तेवढ्यात मुलगी येते, मागे बसते. आई किक मारते आणि यू-टर्न लांब पडतो म्हणून राँग साइडनेच निघते. समोरून सायकलवर येणारी दुसरी एक मुलगी कचकन पाय टेकवते, कडेच्या चिखलात उतरते, गाडी जाऊ देते. तिच्या वाट्याला 'सॉरी'ही येत नाही.

शाळेच्या फाटकातून आत डोकावलं की सायकल स्टँड दिसतो. पत्र्याची शेड, लोखंडी कठडे. त्यात ओळीने दुचाकी लागल्यात. सायकली कोपऱ्यात, एकमेकींच्या पॅडलमध्ये पाय अडकवून.

गल्लीतून बाहेर आलं की सायकल ट्रॅक लागतो. हा जुना. २००६ च्या डिसेंबरात या रस्त्यावर मधोमध बसच्या वेगळ्या मार्गिका सुरू झाल्या, त्या योजनेबरोबर कडेचे हे सायकल ट्रॅकही आले. मग रस्ता उकरला गेला, पुन्हा बांधला गेला, ब्लॉक बदलले. ट्रॅक मात्र आहे. त्यावर सायकलचं चित्र आहे. चित्रातल्या सायकलच्या पुढच्या चाकावर आत्ता पाणीपुरीच्या गाड्याचं मागचं चाक आलंय.

मी स्वारगेटच्या दिशेने चालत राहतो. उतार आहे, बरा वाटतो. संध्याकाळी हाच चढ होऊन घरी परतणाऱ्यांना पुरतो.

पंधरा पावलं मोकळी. मग विजेचा डीपी, त्याच्या दारावर 'धोका'ची कवटी. डीपीला वळसा घालून सायकलवाला फुटपाथवर येईल, तर तिथे आकाशकंदिलांचा स्टॉल उभा राहतोय. बांबू उभे करायला ब्लॉक उचकटलेत. शेजारचे खड्डे नवरात्रातल्या मांडवाचे. मांडव गेला, खड्डे राहिले. पुढे गॅरेज. ऑइलचा काळा ओघळ ट्रॅकभर पसरलाय. पोऱ्या जमिनीवर बसून गाडीचं चाक खोलतोय, त्याच्यापुरता तो ट्रॅक म्हणजे दुकानाचीच फरशी. त्यालाही दुसरीकडे बसायला जागा नाही, हे दिसतंच. या वस्तीत ज्याला ज्याला जागा नाही ते सगळं हळूहळू इथे येऊन बसतं.

मागून हॉर्न वाजतो. सायकल ट्रॅकवर! दचकून बाजूला होतो. डिलिव्हरीवाला पोरगा पाठीवरची चौकोनी पेटी सांभाळत सुळकन जातो. त्याच्यामागे अजून दोघे. रस्त्यावरचा सिग्नल लाल आहे, म्हणून गाड्या वर चढल्यात.

हे थांबवायला जिथे ट्रॅक सुरू होतो तिथे खांब रोवलेत. तीन होते, मधला बुंध्यातून वाकलाय. त्या फटीतून दुचाकी आरामात जाते. अडतो तो भाजीवाला. हातगाडी जात नाही, म्हणून तो ती वाहत्या रस्त्याने ढकलत नेतोय, अंग कडेला चोरून.

झाडाच्या पारावर चार आजोबा बसलेत. इथे सावली आहे, त्यामुळे मतंही आहेत.

"हा ट्रॅक काढून टाका आणि पार्किंग करा," पांढऱ्या टोपीतले म्हणतात. "वापरतंय कोण?"

"तुम्ही वापरू दिलात तर वापरतील ना," दुसरे. त्यांची कार समोरच उभी आहे, दोन चाकं ट्रॅकवर. सगळे हसतात. तेही हसतात. कार तिथेच राहते.

तिसरे आजोबा चाळीस वर्षं सायकलवरून कामावर गेले. डबलसीट, पुढे दांडीवर पोरगं, कॅरिअरला डबा. तेव्हा पुणं सायकलींचं शहर होतं, हे या शहरात कुणीही न विचारता सांगतं. ते मात्र सांगत नाहीत. ते गुडघ्याला हात लावून म्हणतात, "मला आता सायकल नको. मला फक्त पलीकडे जाऊ द्या." बसचा थांबा रस्त्याच्या मधोमध आहे. तिथवर जायचं म्हणजे अर्धा रस्ता पायी ओलांडायचा.

ते उठतात तसा मीही त्यांच्याबरोबर झेब्रापाशी येऊन उभा राहतो. आम्ही थांबतो. बरंच थांबतो. ऊन टाळूवर. समोर गाड्यांचा लोंढा. २०१८ मध्येच या शहरात नोंदलेली वाहनं ३६ लाखांवर गेली होती आणि माणसं होती ३५ लाखांच्या घरात. इथे उभं राहिलं की ते सगळे इथूनच चाललेत असं वाटतं. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर कापते. आजोबांना तेवढ्यात एक पाऊल टाकून होतं. ताशी ३० असेल तर तेच अंतर आठ मीटरवर येतं. जिथे माणसं आणि गाड्या एकत्र चालतात तिथे एवढीच वेगमर्यादा ठेवा, असं २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात लिहिलंय. इथे रस्ता जरा मोकळा दिसला की अ‍ॅक्सिलरेटर पिळला जातो.

सिग्नल हिरवा होतो. झेब्रावर आधीच दुचाक्यांची पुढची चाकं आलीत. आजोबा त्यांच्यामधून वाट काढत निघतात, हात आडवा धरून. पलीकडे पोचेस्तोवर आकडे संपत आलेले असतात.

मी अलीकडेच राहतो. पुढे ट्रॅक एकाएकी संपतो. वळण नाही, पाटी नाही, उतार नाही. ब्लॉक संपतात आणि खाली फूटभर उडी. शहराचा सायकल आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला, त्यात सव्वाआठशे किलोमीटरच्या जवळपास जाळं आखलंय. ते या काठापर्यंत आलेलं आहे. दोन कॉलेजची पोरं उतरतात, सायकल उचलून खाली ठेवतात, मागे बघत रस्त्यात घुसतात. रोजचं असावं; बोलणं तुटत नाही त्यांचं.

त्या काठाला लागूनच सायकलचं दुकान आहे. छताला टायर टांगलेत. दारात नव्या सायकली प्लास्टिकसकट, बहुतेक छोट्या, गुलाबी नि निळ्या. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून मिस्त्री बुडबुडे शोधतोय. एक बाबा मुलाला घेऊन आलेत.

"ब्रेक चांगले आहेत ना?"

"एकदम."

"तसं काही नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्येच फिरवणार. रस्त्यावर कोण सोडतंय!"

"सगळे हेच म्हणतात," मिस्त्री म्हणतो आणि साइड व्हीलचे नट आवळायला घेतो.

"आधी माझं उरका," मागून आवाज. खाकी शर्टातले काका, जुनी काळी सायकल, मागचं चाक बसलेलं. "दोनला ड्युटी आहे. बिबवेवाडीपर्यंत जायचंय."

मिस्त्री ट्यूबला खरवडतो, सोल्युशन लावतो, फुंकतो. काका मडगार्डवरची धूळ बोटाने पुसतात. "आणि मागं लाल रेडियम लाव."

"लावलंय की मागच्या वेळी."

"अजून एक पट्टी लाव. रात्री दहाला सुटतो मी."