गिरणी थकली, मैदान टिकले

मॉस्कोच्या पूर्वेला सुमारे ९० किलोमीटरवर, क्ल्याझ्मा नदीच्या काठी, ओरेखोवो-झुयेवो हे रशियाचे जुने गिरणगाव आहे. तिथला ‘झ्नाम्या त्रुदा’, म्हणजे ‘श्रमध्वज’, हा फुटबॉल क्लब आज खालच्या श्रेणीत खेळतो आणि स्वतःला देशातला सर्वांत जुना क्लब म्हणवतो. त्याची रीतसर स्थापना १९०९ची. कोलोम्नाचा क्लब आपला जन्म १९०६चा सांगतो आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये तर त्याही आधी संघ होते. त्यामुळे हा मान निर्विवाद नाही. पण वयाच्या या वादापेक्षा मोलाचा प्रश्न वेगळाच आहे. गिरणीमालकाच्या पैशावर उभा राहिलेला संघ मालकानंतर आणि पुढे गिरणीच्या पडत्या काळानंतरही कसा उरला? या क्लबचा इतिहास पाहिला तर उत्तर असे दिसते की, क्लबची श्रेणी पैसा ठरवतो, आयुष्य मात्र गाव आणि मैदान ठरवतात.

पैशाची बाजू आधी पाहू. सव्वा मोरोझोव्ह या भूदासाने १७९७मध्ये झुयेवोत रेशमाचे माग सुरू केले, स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले आणि त्याच्या वारसांनी कापसाच्या धंद्यात अफाट संपत्ती मिळवली. १८४०च्या दशकात ब्रेमेनचा व्यापारी लुडविग क्नोप याने मोरोझोव्हांच्या गिरणीसाठी ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रे आणली. यंत्रांमागून लँकशायरचे कारागीर आणि व्यवस्थापक आले, आणि त्यांच्यामागून फुटबॉल. त्यांपैकी क्लेमेंट चार्नॉक याने १८८७च्या सुमारास इथे खेळाचा पहिला प्रयत्न केला असे सांगतात; पुढे हॅरी चार्नॉकने तो रुजवला. फुटबॉल खेळता येणारे यंत्रज्ञ हवेत, अशी जाहिरात त्याने इंग्लंडमध्ये दिली होती. गिरणीचा असा हात पाठीशी असल्यावर यश दूर नव्हते. १९१० ते १९१३ सलग चार वर्षे ‘मोरोझोव्हत्सी’, म्हणजे मोरोझोव्हांचा हाच संघ, मॉस्को लीगचा विजेता ठरला. १९१२च्या विजेत्या संघातून मॉस्कोतला तरुण ब्रिटिश राजनैतिक अधिकारी रॉबर्ट ब्रूस लॉकहार्टही खेळला. त्याच वर्षी क्लबचे काही खेळाडू रशियाच्या ऑलिंपिक संघातून स्टॉकहोमला गेले. तिथे जर्मनीने रशियाचा १६-० असा फडशा पाडला, ही गोष्ट वेगळी.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, हा खेळ म्हणजे मजुरांना वोडका आणि राजकारण यांपासून दूर ठेवण्याची मालकांची युक्ती होती. हेतूपुरते ते खरे आहे. जानेवारी १८८५मध्ये याच गिरणीत दंडाच्या जाचाविरुद्ध सुमारे ८,००० कामगारांनी संप केला होता आणि त्याच्या धक्क्याने सरकारला १८८६मध्ये दंडावर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. अशा ठिकाणी व्यवस्थापनाला निरुपद्रवी करमणूक हवी असणारच. पण हेतू आणि परिणाम एक नसतात. चेंडू आला म्हणून कामगार निमूट झाले नाहीत. १९०५ आणि १९१७ या दोन्ही वर्षी हे गाव क्रांतीच्या आघाडीवर होते. क्रांतीनंतर गिरण्या सरकारजमा झाल्या, इंग्रज निघून गेले. फुटबॉल केवळ साहेबांचा छंद असता तर तोही त्यांच्यासोबत गेला असता. १९१४मध्ये गिरणीने बांधलेले मैदान आणि खेळाची चटक लागलेली माणसे मात्र गावातच राहिली. सोव्हिएत काळात संघाची नावे बदलत गेली आणि १९५८मध्ये आजचे नाव आले.

आश्रयदाता बदलला, आश्रय तोच राहिला, असे कोणी म्हणेल. म्हणूनच १९६२ची सोव्हिएत चषकाची अंतिम लढत पाहण्यासारखी आहे. दुसऱ्या श्रेणीतले हे विणकर मॉस्कोच्या लुझ्निकी मैदानावर युक्रेनमधल्या दोनेत्स्कच्या शाख्त्योरशी, म्हणजे खाणकामगारांच्या संघाशी भिडले आणि ०-२ हरले. एकीकडे कापूस, दुसरीकडे कोळसा. दोन्ही गावांच्या उद्योगात ब्रिटिश हात होता. दोनेत्स्क तर जॉन ह्यूज या वेल्श उद्योजकाच्या कारखान्याभोवतीच वाढले. पुढची वाटचाल मात्र अगदी विरुद्ध झाली. सोव्हिएत संघ फुटल्यावर मध्य आशियाचा कापूस परदेशी माल झाला, गिरण्यांची घरघर सुरू झाली आणि ओरेखोवोच्या क्लबला व्यावसायिक दर्जा गमावून हौशी स्पर्धांतही उतरावे लागले. शाख्त्योरला १९९६मध्ये रिनात अख्मेतोव्ह हा धनाढ्य अध्यक्ष लाभला आणि २००९मध्ये संघाने युएफा चषक जिंकला. एका अंतिम सामन्यातल्या दोन संघांत एवढी दरी पडते ती गुणवत्तेमुळे नव्हे, तिजोरीमुळे.

मग खालची श्रेणी म्हणजे पराभवच नव्हे काय? फक्त चषक मोजले तर तसेच म्हणावे लागेल. पण २०१४पासून युद्धामुळे शाख्त्योरला दोनेत्स्कमध्ये एकही सामना खेळता आलेला नाही. पैशाने यश आणले, घर राखता आले नाही. वस्तीविना नुसता पैसा किती टिकतो, ते मुंबईत दिसते. मफतलाल आणि ओर्के मिल्स यांचे फुटबॉल संघ एके काळी तिथली रोव्हर्स चषक स्पर्धा गाजवत. ते कंपनीचे होते, एखाद्या वस्तीचे नव्हते. कंपन्यांनी हात काढून घेताच ते मिटले. ओरेखोवोचा संघही अनेकदा मोडकळीला आला, पण त्याला पुन्हा उभे करायला गाव होते. नुसत्या गावकीच्या प्रेमावर व्यावसायिक संघ चालत नाही हेही मान्य करायला हवे. त्याला आजही कुणाच्या तरी अंदाजपत्रकाचा टेकू लागतो. मात्र तो टेकू देण्याची गरज कुणाला तरी वाटते, कारण शंभराहून अधिक वर्षांचे मैदान रिकामे ठेवणे त्या गावाला परवडत नाही. फुटबॉलचा इतिहास फक्त विजेत्यांच्या यादीवरून लिहिणाऱ्यांनी ‘झ्नाम्या त्रुदा’कडे म्हणूनच अपयशी संघ म्हणून पाहू नये. गिरणीने जन्माला घातलेला आणि गिरणीच्या ऱ्हासानंतरही आपल्याच गावात खेळणारा हा क्लब, टिकण्याच्या कसोटीवर, अनेक विजेत्यांपेक्षा सरस आहे.