दिग्दर्शकाचे सामान : एर्विन पिस्काटर

गायक परदेशी गेला तर त्याचा गळा त्याच्याबरोबर जातो. नट गेला तर निदान चेहरा जातो. नाट्यदिग्दर्शकाने सरहद्द ओलांडली म्हणजे त्याच्या सामानात काय असते? एर्विन पिस्काटर (१८९३–१९६६) या जर्मन दिग्दर्शकाला हा प्रश्न आयुष्याने विचारला, आणि तोही एकदा नव्हे.

बर्लिनमध्ये १९२७ साली त्याने स्वतःचे नाट्यगृह उघडले आणि त्याचा बोलबाला झाला तो यंत्रांमुळे. 'रास्पुतिन'साठी रंगमंचावर पृथ्वीचा अर्धगोल उभा केला होता. त्याचे भाग उघडत, त्यावर चित्रपट दिसत. 'श्वाइक' या १९२८ च्या नाटकात रंगमंचावर दोन सरकते पट्टे होते. शिपाई श्वाइक त्यांवर चालत राही, मागे जॉर्ज ग्रोसची व्यंगचित्रे हलत, आणि चालूनही माणूस कोठेच पोहोचत नाही हे प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसे. हा थाट अर्थातच परवडणारा नव्हता. त्याच वर्षी नाट्यगृहाचे दिवाळे निघाले.

परंतु यंत्रांच्या खडखडाटात एक गोष्ट झाकली गेली. जर्मन नाट्यगृहांत 'ड्रामाटुर्ग' नावाचा एक जाणकार असतो. आपल्या नाटकमंडळ्यांत नाटककार होता, तालीममास्तर होता. या दोघांमधली ही जागा आपल्याकडे बहुधा रिकामीच राहिली. कोणते नाटक आज करावे, त्यातले काय गाळावे, त्याला कोणत्या दप्तराचा वा इतिहासाचा आधार जोडावा, हे पाहणे त्याचे काम. पिस्काटरने तर यासाठी लेखकांचे एक मंडळच बसवले होते. ब्रेख्ट त्यात होता. 'श्वाइक'चे तयार रूपांतर प्रहसनाच्या वळणाचे होते. मंडळाने ते बाजूला सारले आणि हाशेकच्या कादंबरीतून प्रवेश नव्याने बांधले. माझ्या मते त्या नाटकातला खरा शोध हा; पट्टे त्यानंतरचे.

१९३१ मध्ये तो चित्रपटासाठी सोव्हिएत रशियात गेला. तो तेथे असतानाच जर्मनीत हिटलर आला आणि परतीची वाट बंद झाली. १९३६ मध्ये पॅरिस, १९३९ मध्ये न्यूयॉर्क. नाट्यगृह गेले, प्रेक्षक गेला, भाषाही गेली. ब्रॉडवेवर त्याचा जम बसला नाही. मग १९४० साली न्यू स्कूल या संस्थेत त्याने नाट्यशाळा काढली. मार्लन ब्रँडो तेथे शिकला. पुढे 'लिव्हिंग थिएटर' काढणारी जुडिथ मलिनाही तेथलीच. टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांतता'चे आल्फ्रेड नॉयमानसमवेत केलेले रूपांतर १९४२ मध्ये त्याने तेथल्या लहानशा रंगमंचावर लावले. एवढी अवाढव्य कादंबरी, आणि हाताशी यंत्र जवळजवळ नाही! तीच संहिता १९५५ साली बर्लिनच्या शिलर नाट्यगृहात पोहोचली. सामानात काय होते, याचे उत्तर येथे सापडते.

अमेरिकेत कम्युनिस्टांच्या चौकशीचे वारे सुटले. चौकशी समितीचे बोलावणे आले तेव्हा, १९५१ मध्ये, तो पश्चिम जर्मनीला परतला. सत्तावन्नाव्या वर्षी गावोगाव पाहुणा दिग्दर्शक म्हणून हिंडण्याची पाळी आली. १९६२ मध्ये पश्चिम बर्लिनच्या 'फ्राय फोक्सब्यूने'ची सूत्रे मिळाली, आणि उरलेल्या चार वर्षांत त्याने जे केले ते बर्लिनच्या पहिल्या पर्वापेक्षाही मोलाचे मानावे लागेल. ज्यूंच्या संहारापुढे पोप बाराव्या पायसने धरलेल्या मौनावरचे होखहूटचे नाटक अखंड केले असते तर सात-आठ तास चालले असते. पिस्काटरने ते कापून १९६३ मध्ये उभे केले, आणि युरोपभर वादळ उठले. १९६४ मध्ये ओपनहायमरच्या चौकशीच्या इतिवृत्तावरून किपहार्टने रचलेले नाटक आले. ज्याला स्वतःला असेच बोलावणे आले होते, त्याला ते बसवताना काय वाटले असेल?

१९ ऑक्टोबर १९६५ रोजी पीटर वाइसचे 'चौकशी' हे नाटक दोन्ही जर्मनींतील अनेक रंगमंचांवर एकाच दिवशी झाले. आउश्वित्सच्या खटल्यातील जबान्या, जवळजवळ जशाच्या तशा. पश्चिम बर्लिनचा प्रयोग पिस्काटरचा होता. पुढच्या मार्चमध्ये तो वारला.