तांदूळ थोडा, दबदबा मोठा

कोकणातल्या धाटावच्या कारखान्यांपलीकडे भातखाचरं दिसतात. शेतकरी आधी घरापुरतं भात ठेवतो, उरलेलं विकतो. देशही तेच करतात. म्हणून जगात पिकणाऱ्या तांदळापैकी जेमतेम दहावा हिस्सा परदेशी विकला जातो. त्यात सुमारे ४० टक्के वाटा एकट्या भारताचा.

बाजार असा लहान आणि विक्रेता एवढा मोठा, की त्याने हात आखडला तर भाव भडकतात. २० जुलै २०२३ला भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. आशियातले भाव दशकभराहून अधिक काळातल्या उच्चांकावर गेले. मग सिंगापूर, भूतान, मॉरिशससारख्या देशांना विनंतीवरून सवलत मिळाली. धान्य असं राजनैतिक वजन मिळवून देतं.

पण बंदी लांबली, तर गिऱ्हाईक थायलंड-व्हिएतनामकडे वळतं. सप्टेंबर २०२४मध्ये ती उठली. तुटवड्याने दबदबा वाढतो, टिकतो मात्र भरवशाच्या पुरवठ्यानेच.